वाढत्या अंगाचा हुकूम

जून उजाडला की नगर शहरातल्या सावेडीत शिलाईच्या दुकानांत गणवेशांचे ढीग लागतात. मुलाचं माप घेता घेता टेलर आईला विचारतो, "वाढत्या अंगाचं ठेवू ना?" आणि उत्तराची वाट न बघता पँटच्या पायाशी, कमरेशी थोडं कापड आत दुमडून ठेवतो. शिवणीतल्या या राखीव कापडाला शिंप्यांच्या भाषेत 'माया' म्हणतात. पुढच्या जूनला पँट आखूड झाली तर ती टाकून द्यायची नसते. शिवण उसवायची, माया सोडायची आणि पुन्हा टीप मारायची.

घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आणि खावटी याबद्दल कोर्ट जो हुकूम करतं, त्यातही कायद्यानं अशीच माया ठेवलेली आहे. पुष्कळ आईवडिलांना ती दिसतच नाही. मूल चार वर्षांचं असताना झालेला हुकूम ते चौदाव्या वर्षापर्यंत तसाच ओढत नेतात आणि कोर्टानं एकदा लिहिलं ते कायमचं असं समजून गप्प बसतात. दुसरे काही जण याच्या उलट वागतात. ते कोर्टाकडे न जाता घरच्या घरी कात्री चालवतात, म्हणजे फोनवर बोलून रक्कम बदलतात, भेटीचे दिवस बदलतात आणि कागद तसाच ठेवतात. दोन्हीकडे शेवटी ओढाताण मुलाचीच होते. हे प्रकरण या दोन चुकांविषयी आहे.

आपल्याकडे घटस्फोटाला जुना शब्द आहे काडीमोड. अनेक जातींत रूढीनं फारकत होत असे, पंचांसमोर काडी मोडली की नातं संपलं. रूढीत ही सोय नव्हती अशा हिंदू जोडप्यांना मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्यानं पहिल्यांदा घटस्फोटाचा मार्ग मिळाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं तो देशभर झाला. काडी मोडली की जुळत नाही, हे नवरा-बायकोच्या नात्यापुरतं आजही खरं आहे. अपिलाची मुदत संपल्यावर घटस्फोटाचा हुकूमनामा पक्का होतो. पण त्याच हुकूमनाम्यात मुलाबद्दल जे लिहिलेलं असतं त्याला हा नियम लागू नाही. मूल ही काडी नव्हे. ते रोज वाढतं, त्याची शाळा बदलते, आजार येतात, त्याला स्वतःची मतं फुटतात.

म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये एक फार महत्त्वाचा शब्द आहे, 'वेळोवेळी'. मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दल कोर्ट वेळोवेळी हुकूम करू शकतं, केलेला हुकूम बदलू शकतं, स्थगित करू शकतं किंवा मागे घेऊ शकतं, आणि तेही घटस्फोट होऊन गेल्यानंतर, साध्या अर्जावर. पती किंवा पत्नीच्या कायमच्या पोटगीसाठी कलम २५ चं दुसरं पोटकलम आहे. परिस्थिती बदलली असेल तर कुणीही एक बाजू रक्कम वाढवून किंवा कमी करून मागू शकते. फौजदारी बाजूनं खावटी मिळाली असेल, म्हणजे जुन्या कलम १२५ खाली, तर बदलाची सोय जुन्या कलम १२७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि या कलमांचे आकडे बदलले. आता खावटीचं कलम १४४, बदलाचं १४६ आणि वसुलीचं १४७. वकिलांच्या तोंडी अजून '१२५ ची केस' हेच आहे आणि काही वर्षं तसंच राहील.

सहमतीनं घटस्फोट घेतलेल्यांना वाटतं की आपण अटी-शर्तींवर सही केली, आता हात बांधले गेले. सर्वोच्च न्यायालयानं हा समज १९७३ मध्ये, रोझी जेकब खटल्यातच दूर केला. मुलाच्या ताब्याचे हुकूम स्वभावतःच तात्पुरते असतात आणि ते दोघांच्या संमतीनं झालेले असले तरी मुलाचं हित मागत असेल तर बदलता येतात, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं. २०१० मध्ये हाच प्रश्न पुन्हा आला. सहमतीचा घटस्फोट झालेला होता, आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली होती आणि तिला मुलाला सोबत न्यायचं होतं. वडिलांचं म्हणणं असं की केस संपली, अटी ठरल्या, आता कोर्टाला त्या बदलता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आईवडिलांना बाहेर ठेवून त्या मुलाशी आपल्या दालनात गप्पा मारल्या. मुलानं आईकडे राहायचंय असं स्वच्छ सांगितलं. न्यायालयानं आईला मुलगा नेऊ दिला आणि वडिलांच्या भेटीची व्यवस्थाही राखली.

आता हे सगळं सावेडीच्या जमिनीवर आणून बघू. खालचं उदाहरण कल्पित आहे, पण यातला एकेक धागा कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर तासभर बसलं तर कानावर पडतो.

समजा, २०१९ मध्ये एका जोडप्याचा सहमतीनं घटस्फोट झाला. मुलगा चार वर्षांचा. आई प्रोफेसर कॉलनीत माहेरी राहायला आली, वडील नागापूर एमआयडीसीत कामाला. अटी ठरल्या: ताबा आईकडे, दर रविवारी दहा ते पाच मुलगा वडिलांकडे, महिन्याला ६,००० रुपये खावटी. पुढे काय, याचा एक शब्दही नाही. पहिली दोन वर्षं बरी गेली. रविवारी सकाळी चौकात दोन गाड्या समोरासमोर थांबायच्या, एका गाडीवरून उतरून मुलगा दुसरीवर बसायचा. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत एक कपड्याचा जोड, पाण्याची बाटली आणि सोमवारचा गृहपाठ. संध्याकाळी पिशवी परत यायची. गृहपाठाची वही कधी कोरीच असायची.

मग वडिलांची कंपनी बदलली आणि ते चाकणला गेले. दर रविवारी शंभर-सव्वाशे किलोमीटर येणं-जाणं त्यांना जमेना. घराचा हप्ता सुरू झाला. एक दिवस त्यांनी फोन केला, "या महिन्यापासून चारच पाठवतो, हप्त्याचं ओझं झालंय." ती म्हणाली, "बरं, चालेल. पण महिन्यातून एकदा शनिवार-रविवार त्याला तिकडेच ठेवा, मला कामावर जायचं असतं." दोघंही समजूतदारपणे वागले. त्या क्षणी यात चुकीचं काहीच नव्हतं.

अडीच वर्षांनी मुलाच्या शाळेच्या फीवरून दोघांचं वाजलं. आईनं वकिलाला विचारलं. वकिलानं हुकूमनामा काढला, त्यात ६,००० लिहिलेले. बँकेच्या पासबुकात दरमहा ४,००० जमा. दोन हजारांची तूट गुणिले तीस महिने, म्हणजे ६०,००० रुपये थकबाकी. वसुलीची दरखास्त दाखल झाली. वडील कोर्टात सांगू लागले, "साहेब, तिनंच हो म्हटलं होतं." कागद कुठे आहे? कागद नव्हता. अडीच वर्षांपूर्वीचा फोन होता आणि तो कुणी ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. उलट बाजूनंही तेवढीच पंचाईत झाली. शनिवारच्या रात्री मुलगा चाकणला राहतो हे हुकुमात नव्हतं. एका महिन्यात वडिलांनी त्याला सोमवारी उशिरा आणून सोडलं, तेव्हा आईला त्यावर बोट ठेवायला कागदावर काही नव्हतं.

या दोघांनी करायला हवी होती ती गोष्ट छोटी होती. बोलणं झालं त्याच आठवड्यात दोघांच्या सहीचा अर्ज, सोबत बदललेल्या अटींची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, त्याच न्यायालयात. दोघंही राजी असतील आणि मुलाचं नुकसान होत नाही असं न्यायाधीशांना दिसलं, तर असा अर्ज लांबत नाही. जुनी शिवण उसवली, नवी टीप मारली. पण त्यासाठी भांडण होण्याच्या आधी, गोडीत असतानाच कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्याकडे कोर्टाची पायरी म्हणजे वैर, ही समजूत इतकी खोल आहे की गोडीतल्या लोकांना ते सुचतच नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

कागद नसला तर व्हॉट्सॲपचे संदेश उपयोगी पडतात का? काही वेळा पडतात. कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ न्यायाधीशांना पुराव्याच्या काटेकोर नियमांपलीकडे जाऊन कागद, निवेदनं बघण्याची मुभा देतं. पण संदेशातला होकार म्हणजे बदललेला हुकूम नव्हे. कोर्टानं नवा हुकूम करेपर्यंत जुनाच चालू राहतो, हे दोन्ही बाजूंनी पक्कं लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक गोष्ट इथेच ठामपणे सांगतो. 'भेटू देत नाही ना, मग पैसे बंद' आणि 'पैसे देत नाही ना, मग मूल दाखवणार नाही', ही दोन वाक्यं मराठी घरांत इतक्या सहज बोलली जातात की ती कायद्यातलीच वाटावीत. कायद्यात ती नाहीत. खावटी हा मुलाच्या ताटातला घास आहे आणि भेट हा मुलाचा दुसऱ्या पालकावरचा हक्क आहे. एकाच्या बदल्यात दुसरं रोखता येत नाही. भेट नाकारली जात असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, थकबाकी असेल तर तिच्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये एका निकालात सांगितलं की ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्या पालकाशी मुलाचा संपर्क राहिला पाहिजे, आणि अंतर लांब असेल तर व्हिडिओ कॉलचीही वेळ ठरवून द्यावी. वरच्या उदाहरणातल्या चाकणच्या वडिलांना बुधवारी संध्याकाळी अर्धा तास असा कॉल मागता आला असता.

ताबा बदलून मागणं हे खावटी बदलून मागण्यापेक्षा फार अवघड आहे, आणि ते अवघड असायलाच हवं. इथे एका मराठी जोडप्याचा खटला आठवतो. वडील अमेरिकेत, परिस्थिती उत्तम. आई बाळ महिन्या-सव्वा महिन्याचं असताना त्याला घेऊन भारतात आली आणि इथेच तिनं त्याला एकटीनं वाढवलं. मुंबईपासून दिल्लीपर्यंत दावे चालले. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलगा आईकडेच ठेवला. तिकडे पैसा जास्त आहे, शिक्षण चांगलं मिळेल, एवढ्यावरून वर्षानुवर्षं आईच्या हाताखाली रुळलेलं मूल हलवता येत नाही. ताब्याचा हुकूम बदलता येतो हे खरं, पण आधीच्या हुकुमानंतर परिस्थिती खरोखर बदलली आहे आणि तो बदल मुलाच्या हिताला भिडतो, हे सिद्ध करावं लागतं. आज भारतातली कोर्टं ताबाबदलाच्या अर्जाला लावतात तो गज हाच.

त्या गजानं मोजलं तर कोणत्या गोष्टी टिकतात? ताबा असलेला पालक व्यसनात बुडाला. मुलाला मारहाण होते. मूल महिनोन्महिने शाळेत गेलंच नाही. आई किंवा वडील गंभीर आजारी पडले आणि मूल प्रत्यक्षात तिसऱ्याच नातेवाइकाकडे वाढतंय. पालक मुलाला घेऊन दूर गावी किंवा परदेशी निघाला. एका पालकानं दुसऱ्याबद्दल मुलाच्या मनात ठरवून विष कालवलं. आणि न टिकणाऱ्या गोष्टी? आईनं नोकरी धरली, ती संध्याकाळी सातला घरी येते, एवढ्यावर ताबा जात नाही. पुनर्विवाह केला म्हणून आपोआप जात नाही, मात्र नव्या घरात मुलाचं काय चाललंय हे कोर्ट बघतं. समोरच्याचं घर मोठं, गाडी मोठी, हे तर १९९७ मध्येच निकालात निघालं.

एक गैरसमज विशेष पसरलेला आहे. मूल पाच वर्षांचं झालं की ते वडिलांचं. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम ६ फक्त एवढंच म्हणतं की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. पाचव्या वाढदिवसाला ताबा बदलतो असं त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं कल्याण सर्वोच्च. वडील पहिले नैसर्गिक पालक आणि 'त्यांच्यानंतर' आई, या शब्दांवरही लेखिका गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध दाद मागितली होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'नंतर' याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर इतकाच नव्हे, तर ते नसतील, लक्ष देत नसतील तेव्हाही, असा लावला.

मुलाचं मत कधी विचारतात, हेही लोक विचारतात. ठरलेलं वय कायद्यात नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा म्हणतो की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दालनात बोलावलं जाताना दिसतं. तिथे वकील नसतात, आईवडील नसतात. मित्र कोण, मधल्या सुट्टीत काय खेळतोस, रात्री कुणाजवळ झोपतोस, अशा साध्या प्रश्नांतून खरी गोष्ट हळूहळू बाहेर येते. आदल्या रात्री घरी पाठ करून घेतलेली वाक्यं मूल एका दमात म्हणून टाकतं. मग ते गप्प होतं आणि खालमानेनं बसतं. आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या सकाळी मुलाला काहीही शिकवून पाठवू नका. फक्त नीट जेवू घालून पाठवा.

आता पैशाची बाजू. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेला 'रजनेश विरुद्ध नेहा' हा खटला या विषयातला सगळ्यात उपयोगी निकाल देऊन गेला. त्यात पत्नीला १५,००० आणि मुलाला आधी ५,००० रुपये महिना ठरले होते, आणि १ सप्टेंबर २०१५ पासून मुलाची रक्कम १०,००० झाली. मूल वाढतं तशी रक्कम वाढवण्याची सोय त्या हुकुमातच होती. ४ नोव्हेंबर २०२० ला न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी निकाल देताना देशभरच्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचं. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आणि आपल्या विषयाला थेट भिडणारा नियम: आधीच्या हुकुमात बदल हवा असेल तर तो त्याच प्रकरणात, त्याच न्यायालयात मागायचा. जुना हुकूम लपवून दुसऱ्या कायद्याखाली नवी केस टाकायची नाही. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी खावटी चालू असेल तर ती एकमेकींत वळती होते.

प्रतिज्ञापत्राचा नियम आपल्या जिल्ह्यात फार मोलाचा आहे. सावेडीत राहणाऱ्या पुष्कळांची गावाकडे शेती असते. कुणाचा राहुरीकडे ऊस, कुणाचा पारनेरकडे कांदा. पगारपत्रक नाही म्हणून 'मला उत्पन्नच नाही' असं म्हणणारे आता सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या यांच्यासमोर उभे राहतात. उलट, खरोखर दुष्काळानं पीक गेलं असेल तर तेही याच कागदांतून दिसतं आणि खऱ्या माणसाला दिलासा मिळतो.

रक्कम कमी करून मिळते का? मिळते, पण कारण खरं हवं. बंगालमधल्या एका खटल्यात उच्च न्यायालयानं पोटगी १६,००० वरून २३,००० केली होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पतीचा दुसरा विवाह आणि त्यातलं मूल लक्षात घेऊन ती २०,००० वर आणली. याच निकालात निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांचा उल्लेख आहे. तेव्हापासून 'पंचवीस टक्के' हा जणू सरकारी दर असल्यासारखा सांगितला जातो. तसा दर नाही, प्रत्येक घराचा हिशेब वेगळा होतो. लखनौच्या दुसऱ्या खटल्यात लष्करातला पती निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयानं ४,००० चे २,००० केले होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ४,००० पुन्हा कायम केले. आणि २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं की धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना पोसलं पाहिजे.

नगरला आर्मर्ड कोअर सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, भिंगारची छावणी आहे, म्हणून लष्कराबद्दल एक वाक्य जास्त. १९५० च्या लष्कर कायद्यात जवानाच्या पगारातून पत्नी आणि मुलांच्या निर्वाहासाठी रक्कम कापण्याची तरतूद आहे. पत्नीनं त्याच्या युनिटकडे अर्ज करायचा असतो. हा मार्ग कोर्टापेक्षा वेगळा आहे, आणि दोन्हींतून मिळणारी रक्कम कोर्टाला सांगावीच लागते.

नोकरी गेली तर? गेल्या गेल्या अर्ज करा. कोर्ट बहुधा अर्जाच्या तारखेपासून पुढचं बघतं. आधी साठलेली थकबाकी नंतरच्या अर्जानं सहसा पुसली जात नाही. कारखाना बंद पडल्यावर वर्षभर गप्प राहून वॉरंट हातात आल्यावर 'नोकरीच नव्हती' म्हणणारे वडील खोटंच बोलत असतात असं नाही. ते फक्त उशिरा बोलतात. घेणाऱ्या बाजूलाही मुदत आहे. कलम १४४ खालची थकलेली रक्कम ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागावी लागते, आणि न देणाऱ्याला प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

पत्नीनं पुनर्विवाह केला तर तिची स्वतःची खावटी बंद होऊ शकते, मुलाची होत नाही. आईनं अटींमध्ये 'मुलासाठीही काही मागणार नाही' असं लिहून दिलं असलं तरी तो हक्क मुलाचा आहे, तिनं सोडून संपत नाही. कलम १४४ खाली मुलाला साधारणपणे अठरा वर्षांपर्यंतच खावटी मिळते. बारावी किंवा पदवीचं पहिलं वर्ष चालू असताना ती अचानक थांबते, आणि घराघरांत हा मोठा धक्का असतो. अविवाहित मुलीला मात्र १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० चा आधार आहे. ती स्वतःच्या उत्पन्नावर राहू शकत नसेल तर वडिलांवरची जबाबदारी लग्नापर्यंत राहते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं.

इतर धर्मीयांसाठी कलमं वेगळी, वाट तीच. विशेष विवाह कायद्यात आणि ख्रिस्ती जोडप्यांच्या १८६९ च्या कायद्यात घटस्फोटानंतर मुलांबद्दल हुकूम करण्याची सोय आहे, पालक व पाल्य कायदा सर्वांना लागू आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही जुन्या कलम १२५, म्हणजे आताच्या १४४ खाली खावटी मागता येते हे १० जुलै २०२४ च्या निकालानं पुन्हा पक्कं झालं.

प्रत्यक्ष अर्ज कसा करायचा? घटस्फोट नगरच्या कौटुंबिक न्यायालयातून झाला असेल तर बदलाचा अर्ज तिथेच. अर्जात मूळ केसचा नंबर, हुकुमाची तारीख आणि तेव्हापासून नेमकं काय बदललं ते लिहायचं. भांडणाचा जुना इतिहास पुन्हा लिहू नये, तो आधीच निकालात निघालेला असतो. सोबत हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल, बँकेचं पासबुक, शाळेच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद. समोरच्याला नोटीस जाते, त्याचं लेखी म्हणणं येतं, मग बहुधा विवाह समुपदेशकाकडे तारीख लागते. तिथे अर्ध्याहून जास्त गाठी सुटू शकतात, म्हणून ती तारीख चुकवू नये. महाराष्ट्रात अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, आणि १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरतो. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालावर ठरलेल्या मुदतीत उच्च न्यायालयात अपील करता येतं, नगर जिल्ह्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात.

ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचा आहे, त्यांनी अटी लिहितानाच माया ठेवावी. खावटीत वाढीचं कलम घाला. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये एका प्रकरणात ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ अशी पोटगी ठरवली. दहा वर्षांत त्याचे साधारण ६३,८०० होतात. तेच ५ टक्के दरवर्षी धरले तर ५,००० ची खावटी दहा वर्षांत ८,१४४ वर जाते. वाढ लिहिली नाही तर दहा वर्षांनीही ५,०००च, आणि प्रत्येक वेळी नवा अर्ज. 'शिक्षणाचा खर्च वडील करतील' एवढं लिहू नका. फी, व्हॅन, क्लास, गणवेश, दहावीनंतरचं कोचिंग, पदवीपर्यंत की नाही, हे सगळं शब्दांत उतरवा. 'दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी' हे वाक्य कागदावर छान दिसतं, पण लक्ष्मीपूजन कुणाकडे आणि भाऊबीज कुणाकडे हे न लिहिल्यानं भर दिवाळीत पोलीस ठाण्यापर्यंत वाद जातात. एका वर्षी एकाकडे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याकडे, एवढं लिहिलं तरी मुलाच्या हातातली फुलबाजी शांतपणे पेटते.

बदलाचा हुकूम झाला की नकलेसाठी लगेच अर्ज करावा. एक नक्कल घरी, एक समोरच्याकडे, आणि एक शाळेच्या कार्यालयात, मुलाच्या फाइलला. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर कोण न्यायला येणार, हे फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंना त्या कागदावरून कळतं. मग मुलाला तिथे उभं राहून आज कुणासोबत जायचं, हे स्वतः ठरवावं लागत नाही.